जुना शॉकअप घेताना आधी रॉड बघा

मुंबईत भांडुप ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा माझा रोजचा रस्ता. एलबीएस मार्गावरचे खड्डे, मेट्रोच्या कामाचे पत्रे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि कुर्ल्याला वळलं की सीएसटी रोड. अशा रस्त्यावर मोटरसायकलचा मागचा शॉकअप तीन-चार पावसाळे काढतो आणि मग थकतो. खड्ड्यातून बाहेर पडल्यावर गाडी एकदा दबून शांत व्हायला हवी, ती तीनदा झुलते. पुलाच्या सांध्यावर मागचं चाक तरंगल्यासारखं वाटतं. मागे बसणाऱ्याची कंबर बोलायला लागते. गॅरेजवाला म्हणतो, "नवीन टाका," आणि मोनोशॉकची (मागे एकच असणाऱ्या शॉकअपची) कंपनीची किंमत ऐकली की आपण जुन्या बाजाराकडे वळतो.

त्यात गैर काही नाही. चांगला जुना शॉकअप नीट उघडून, साफ करून, नवं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) आणि नवं ऑइल घालून बसवला तर तो नव्यासारखंच काम करतो. फक्त आपण काय विकत घेतोय हे डोक्यात पक्कं हवं. ऑइल बदलता येतं. सील, बुश (टोकाच्या भोकातली बोल्टभोवतीची नळी), रबर, गॅस, अगदी स्प्रिंगसुद्धा बदलता येते. पण ज्या चकचकीत रॉडवर सगळा खेळ चालतो तो रॉड आणि ज्यात पिस्टन फिरतो ती नळी, या दोन गोष्टी गेल्या की शॉकअप गेला. रॉडवर नवा क्रोमचा थर (हार्ड क्रोम) चढवून देणारे लोक आहेत, पण क्रोमनंतर रॉड ग्राइंड करून मूळ मापाला आणावा लागतो आणि तेवढ्या खर्चात दुसरा बरा शॉकअप मिळतो. म्हणून जुना शॉकअप घेताना खरं तर आपण रॉड घेत असतो.

आत काय चालतं

हे दोन मिनिटांत समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक तपासणी याच्यावर उभी आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. साठवलेला धक्का ती परत फेकणारच. तो फेकताना आवरण्याचं काम आतल्या ऑइलचं. रॉडच्या टोकाला पिस्टन असतो, पिस्टनला भोकं असतात आणि भोकांवर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या, म्हणजे शिम, बसवलेल्या असतात. रॉड आत-बाहेर होताना ऑइलला त्या चकत्या वाकवून वाट काढावी लागते. तिथे धक्क्याची ताकद उष्णतेत बदलते. म्हणूनच घाट चढून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो.

पिस्टन जोरात सरकला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि ऑइलमध्ये बुडबुडे होतात. बुडबुड्यांचं ऑइल चकत्यांना जुमानत नाही, सरळ निसटतं. हे टाळायला ऑइलवर नायट्रोजनचा दाब ठेवतात. काही शॉकअपमध्ये गॅस आणि ऑइल एकाच नळीत मिसळलेले असतात. काहींमध्ये मध्ये तरंगता पिस्टन किंवा रबरी फुगा असतो, आणि गॅसची जागा बाजूच्या टाकीत असते. साधी हवा का नाही? हवेत ओलावा असतो आणि ऑक्सिजनही. एकाने आत गंज धरतो, दुसऱ्याने ऑइल लवकर खराब होतं.

घरातून निघण्याआधी

आपल्या गाडीचा जुना शॉकअप काढता आला तर काढून सोबत न्या. नाही तर मापं घ्या आणि कागदावर लिहा, मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत लांबी, गाडी स्टँडवर आणि मागचं चाक अधांतरी असताना. बोल्टचा व्यास, दोन्हीकडचे, कारण वर-खाली वेगळे असू शकतात. बुशची रुंदी. खालचं टोक गोल डोळ्याचं (बोल्ट जाणाऱ्या भोकाचं) आहे की यू आकाराचं. शॉकअपला गॅसची टाकी असेल तर ती कुठल्या बाजूला बसते आणि तिथे एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी आड येते का.

लांबीच्या बाबतीत "पाच मिलिमीटरने काय होतंय" असं दुकानात हमखास ऐकू येतं. मोनोशॉक मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या, गॅरेजच्या भाषेत चिमट्याच्या, पुढच्या भागात जोडलेला असतो. त्यामुळे शॉकअपवरचा प्रत्येक मिलिमीटर चाकाशी दोन ते तीन मिलिमीटर होतो. शॉकअप पाच मिलिमीटर लांब, तर गाडीची शेपटी दहा ते पंधरा मिलिमीटर वर. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनचा ताण बदलतो, हँडल हलकं आणि चंचल लागतं. लांबी जुळत नसेल तर तिथेच सोडा. अडॅप्टर, वेल्डिंग करून वाढवलेला डोळा असल्या गोष्टींना हात लावू नका.

स्प्लेंडर किंवा क्लासिक ३५० सारख्या दोन शॉकअपच्या गाडीत ते चाकाच्या आसाजवळ असतात, म्हणून हे गुणोत्तर एकाच्या जवळपास राहतं. पण तिथे नियम वेगळा आहे. जोडी घ्या. एक या गाडीचा आणि एक त्या गाडीचा, दिसायला सारखे असले तरी नाही.

कुठे जायचं

कुर्ल्याचा सीएसटी रोड हे पहिलं ठिकाण. मोडीत निघालेल्या गाड्यांचा माल तिथे येतो, आणि अपघातात पुढून ठोकलेल्या गाडीचा मागचा शॉकअप बहुतेक वेळा शाबूत असतो. असाच माल शोधायचा. ऑपेरा हाऊसकडे नवे सुटे भाग, रबर, बुश मिळतात. सील, ओ-रिंग, बेअरिंग यांसाठी मस्जिद बंदरची नागदेवी स्ट्रीट. चोर बाजारात अधूनमधून चांगली वस्तू दिसते, पण उजेड कमी आणि घाई जास्त. शॉकअप पारखायला दोन्ही उलट्या पडतात.

ओळखीच्या माणसाने गाडीला भारी शॉकअप बसवल्यावर काढून ठेवलेला कंपनीचा मूळ शॉकअप मिळाला, तर तो बाजारातल्या कुठल्याही मालापेक्षा बरा. त्याचा इतिहास कळतो.

बिल मागा. साध्या वहीतलं चालेल, पण दुकानाचं नाव, तारीख आणि वस्तू लिहिलेली हवी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल द्यायला का कू करणाऱ्या विक्रेत्याकडून मी काही घेत नाही, मग भाव कितीही पडलेला असो.

दुकानात, हातात घेऊन

सगळ्यात आधी उजेडात या. दुकानाच्या आतल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक रॉड चांगला दिसतो. फूटपाथवर, उन्हात.

ताजा काळा रंग दिसला तर सावध व्हा. तीन वर्षांपूर्वी मी असाच एक चकाचक शॉकअप घेतला. दुकानाचं नाव इथे सांगत नाही, पण माल पुसून, रंगवून, रॉडवर हलका ग्रीसचा हात फिरवून ठेवलेला होता. संध्याकाळची वेळ होती, मीही घाईत होतो. दुसऱ्या दिवशी विक्रोळीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागच्या टायरच्या कडेला ओली रेघ दिसली. शॉकअपचं ऑइल थेट टायरवर येत होतं. पाऊस नव्हता म्हणून निभावलं. ओल्या रस्त्यावर, वळणावर तसं झालं असतं तर हे लिहायला मी कुठे असतो कुणास ठाऊक. त्या दिवसापासून मी खिशात टिश्यू पेपर आणि विजेरी घेतल्याशिवाय शॉकअप बघायला जात नाही.

तर टिश्यू काढा. रॉडवर एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. शॉकअप शेवटपर्यंत दबला की धातू धातूवर आपटू नये म्हणून. विकणारा बाहेरून पुसतो, ठोकळ्याच्या आड पुसत नाही. बोटांनी किंवा लाकडी काडीने तो सरकवा आणि त्याच्या मागे, तसंच रॉड जिथे बॉडीत शिरतो तिथे टिश्यू फिरवा. कोरडी धूळ निघाली तर उत्तम. रॉडवर पातळ चमक चालते, सील थोडं ऑइल राखतंच. पण काळा चिखल निघाला, तर सील गेलेलं आहे. ठोकळा हातात भुगा होऊन आला तर तो शॉकअप बरेच दिवस ठोकळ्याशिवायच आपटत होता.

आता रॉड. पूर्ण पुसून घ्या. विजेरी रॉडला जवळजवळ समांतर धरा म्हणजे प्रकाश तिरपा पडेल, आणि शॉकअप हळूहळू फिरवा. मग अंगठ्याचं नख रॉडवर उभं धरून वरून खाली सरकवा, अगदी सावकाश. चांगल्या रॉडवर नख काचेवरून सरकावं तसं जातं. क्रोमला बारीक खड्डा पडला असेल तर डोळ्याला तो मिठाच्या कणाएवढा ठिपका दिसतो, पण नख तिथे अडखळतं. एकदा कळलं की ते अडखळणं विसरत नाही. आपल्याकडे हे ठिपके जास्त दिसतात. समुद्राची खारी हवा, त्यात पावसाळ्यात मागचं चाक थेट रॉडवर चिखल उडवतं. तो चिखल वाळतो, रॉड आत-बाहेर होतो आणि सीलसकट क्रोम घासला जातो.

ठिपका कुठे आहे यालाही महत्त्व आहे. ठोकळ्याच्या खाली झाकलेला रॉडचा भाग सीलपर्यंत कधी पोहोचत नाही, तिथला ठिपका चालवून घेता येतो. सीलच्या तोंडाशी, पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये एकही नको. तो भाग दिवसभर सीलमधून जातो. प्रत्येक फेरीत तो खड्डा सीलची कड कापतो आणि थेंबभर ऑइल बाहेर आणतो. उभा ओरखडाही तितकाच वाईट, कारण ती ऑइलला बाहेर पडायची सरळ वाट. "पॉलिश पेपर मारला की जाईल" असं सांगतील. खड्ड्याची कड गुळगुळीत होते, खड्डा राहतो.

रॉड सरळ आहे का? तो बॉडीत शिरतो तिथे चारही बाजूंनी फट सारखी हवी. एका बाजूला रॉड सीलच्या कडेला टेकलेला आणि दुसऱ्या बाजूला उघडी फट, म्हणजे वाकलेला.

मग दोन्ही टोकांचे डोळे. वेल्डिंगच्या किंवा ओतकामाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली तर शॉकअप खाली ठेवा. तडा गेलेल्या डोळ्याला इलाज नाही. बुशचं रबर फाटलेलं असलं तर हरकत नाही, ते स्वस्तात बदलतं.

दाबून बघणं हा सगळ्यांचा आवडता प्रयोग, आणि मोनोशॉकच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी. हिशोब करा. मोनोशॉकची स्प्रिंग मिलिमीटरला ८७ न्यूटनची (एक मिलिमीटर दाबायला ८७ न्यूटन जोर लागणारी) धरली आणि सत्तर किलोचा माणूस तिच्यावर उभा राहिला, म्हणजे साधारण ६९० न्यूटन, तर स्प्रिंग आठ मिलिमीटरही दबत नाही. मुळात दाबून बसवलेली असेल तर हलतही नाही. त्यातून आतल्या ऑइलचं काही कळत नाही. दुकानात स्प्रिंग काढायचं यंत्र असेल तर काढायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. स्प्रिंग काढल्यावर गॅसचा शॉकअप आपला रॉड स्वतःहून, एकसारख्या गतीने बाहेर ढकलतो. तो दाबलेल्या जागी पडून राहिला तर गॅस गेलेला आहे. ते परत भरता येतं, पण भाव त्या हिशोबाने पाडून घ्या. रॉड पूर्ण दाबताना आणि ओढताना विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. मध्ये कुठे एकदम सैल पडला आणि मग टक्कन अडला, तर आत हवा आहे किंवा ऑइल कमी आहे.

दोन शॉकअपच्या गाडीचे मात्र हाताने पारखता येतात. खाली लाकडाचा तुकडा ठेवून, गाडीवर असतो तसाच उभा धरून, अंगाचं वजन टाकून चार-पाचदा दाबा. आडवा किंवा उलटा धरून दाबला तर दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा चुकीच्या ठिकाणी जाते आणि चांगला मालही वाईट वाटतो. दाबल्यापेक्षा परत येताना तो सावकाश यायला हवा. सोडताक्षणी उसळून हाताला धक्का देत असेल तर आत आवरणारं काही उरलेलं नाही. जोडीतले दोन्ही एकाच गतीने परत येतात का, तेही बघा.

रिबाउंडचा (शॉकअप परत येण्याची गती ठरवणारा) स्क्रू असेल तर प्रत्येक क्लिक बोटाला जाणवली पाहिजे. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच दाबून धरणाऱ्या) रिंगा फिरतात का बघा. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचे आटे पांढरे पडून घट्ट धरतात. बाजूची टाकी खरी आहे का, हेही विचारा. स्वस्त नव्या मालात ती पुष्कळदा नुसती शोभेची असते, आत पोकळ, शॉकअपशी कुठलीही वाट नसलेली.

शेवटचा आणि निर्णायक प्रश्न: हा उघडतो का? रॉडच्या बाजूच्या झाकणाशी तारेची सर्क्लिप (खाचेत बसून झाकण अडवणारी कडी) किंवा आटे दिसले आणि टाकीवर टोपीखाली टायरसारखा व्हॉल्व्ह असला, तर तो उघडून परत बांधता येतो. कड आत दुमडून कायमची बंद केलेली असेल तर तो उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांवरचे एंड्युरन्स, गॅब्रिएल, मुंजाल शोवा या कंपन्यांचे बरेचसे मूळ शॉकअप असे असतात. (गॅब्रिएल इंडियाची सुरुवात १९६१ साली आपल्या मुलुंडला झाली, त्यामुळे एलबीएस मार्गावरून जाताना मला या नावाबद्दल जरा आपुलकी वाटते.) हे वाईट नाहीत, पण ते गळत असतील तर घेऊ नका. कापून, आटे पाडून, वेल्ड करून "रिपेअर" करणारे भेटतात. दाबाखालच्या नळीवर ते काम मला मान्य नाही.

भावाचं माझं गणित सरळ आहे. उघडणारा, रॉड स्वच्छ, पण सील आणि गॅस गेलेला: नव्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. सगळं चालू: तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. त्यापुढे नाही, कारण सर्व्हिसचा खर्च दोन्हीवर येणारच आहे.

स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का

स्प्रिंगवर कधी कधी तिच्या कडकपणाचा आकडा कोरलेला असतो. नसेल तर व्हर्नियरने काढता येतो. तारेची जाडी, वेटोळ्याचा मधला व्यास आणि मोकळी (टोकाला टेकलेली सोडून) वेटोळी मोजा. मधला व्यास म्हणजे बाहेरच्या व्यासातून एक तारजाडी वजा. जाडीचा चौथा घात गुणिले ७९,००० (पोलादाचा ठरलेला आकडा). त्याला आठ गुणिले व्यासाचा घन गुणिले वेटोळ्यांची संख्या याने भागा. तार ११ मिलिमीटर, व्यास ६२, वेटोळी सात, तर उत्तर मिलिमीटरला सुमारे ८७ न्यूटन. तीच तार १० मिलिमीटरची असेल तर ५९. एका मिलिमीटरने तिसरा हिस्सा गेला! म्हणून रंगाचा थर खरवडून उघड्या तारेवरच मोजा. ती तुमच्या वजनाला पुरते का, हे शेवटी सॅग मोजताना कळेल.

उघडणं

पावसाळ्याआधी, मृग लागायच्या आत हे काम उरकावं. वाइस, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं यंत्र), डोळे वाचवणारा चष्मा आणि स्वच्छ टेबल यांपैकी एक जरी नसेल तर शॉकअप सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडे द्या. पण पुढचं वाचून द्या, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

एक. आधी लिहा. रिबाउंडचा स्क्रू शेवटपर्यंत हलक्या हाताने आवळत क्लिक मोजा. बसवलेल्या स्प्रिंगची लांबी मोजा. मग स्क्रू पूर्ण सैल करा.

दोन. स्प्रिंग. आट्यांच्या रिंगा असतील तर त्या पूर्ण मागे घ्या, बहुतेक ताण उतरतो. पायऱ्यांचा प्रीलोड असेल तर कॉम्प्रेसर हवाच. वर धरलेली ८७ ची स्प्रिंग वीस मिलिमीटर दबलेली असताना तिच्यात १७५ किलोहून जास्त जोर असतो. दोघांनी मिळून पान्याने दाबून काढायची गॅरेजमधली रीत मी पाहिली आहे. तसं करू नका. सटकली तर दात जातात, नाही तर डोळा.

तीन. गॅस. टोपी काढा, चष्मा घाला, व्हॉल्व्हचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर, वर फडकं धरून पिन दाबा. आवाज थांबल्यावर पुन्हा दाबा. व्हॉल्व्हऐवजी रबरी बूच असेल तर त्याला खास सुई लागते, तिथे थांबा आणि तो जाणकाराकडे द्या. गॅस शून्य झाल्याशिवाय सर्क्लिपला हात नाही.

चार. टाकीत तरंगता पिस्टन असेल तर तो किती खोल बसला आहे ते मोजून ठेवा. परत तिथेच बसवायचा आहे. मग रॉडवरचं झाकण काही मिलिमीटर आत सरकवून सर्क्लिप काढा. खाचेची कड बोटाने चाचपा. धारदार लागली तर बारीक पेपरने मारा, नाही तर नवं सील आत जातानाच कापलं जाईल. रॉड सरळ वर ओढा.

पाच. ऑइल पांढऱ्या वाडग्यात ओता. नवं ऑइल लाल, निळं किंवा मधाळ असतं. जुनं राखाडी, उकळून उकळून काळवंडलेल्या चहासारखं, आणि नाकाला करपट. वाडगं खिडकीशी नेऊन हलवा. तळाशी रुपेरी चमचम फिरली तर ते अॅल्युमिनियम आहे, पिस्टनची पट्टी झिजून धातू नळीला घासतोय. नळीत विजेरी टाका. आरशासारखी चमक चालेल, नखाला लागणारी उभी रेघ चालणार नाही.

सहा. सील झाकणात असतं आणि झाकण रॉडवर अडकलेलं, म्हणून पिस्टन काढावा लागतो. नटाचं टोक ठोकून पसरवलेलं असेल तर ते आधी कानसा. पिस्टन आणि शिम निघतील तसे एका तारेत ओवा. क्रम आणि तोंडं बदलली तर शॉकअपचा स्वभाव बदलतो. यात ०.१० मिलिमीटरच्याही चकत्या असतात, दोन चिकटून एक वाटतात.

सात. जुनं सील घेऊन नागदेवीला जा. नुसता व्यास जुळवून चालत नाही. फिरणाऱ्या शाफ्टचं साधं ऑइल सील इथे टिकत नाही. आत-बाहेर होणाऱ्या, दाब सोसणाऱ्या रॉडचं हवं. ओठाचा, म्हणजे रॉडला टेकणाऱ्या कडेचा, आकार जुन्याशी ताडून बघा. नायट्राइल रबर पुरेसं, रोज लांब पल्ल्याला जात असाल तर व्हायटॉन. सोबत धुळीचं सील, ओ-रिंगा आणि पिस्टनची पट्टी. बसवताना रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळा. नटाला लॉकिंगचं द्रव लावा, मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या.

आठ. ऑइल. इंजिन ऑइल घालू नका, जाड असतं. जॅकचं ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल सर्रास घालतात; ४० अंशांना त्याची दाटता ३२ सेंटिस्टोक असते आणि पुष्कळ शॉकअपच्या ऑइलची १५ च्या आसपास. दुप्पट दाट ऑइलने शॉकअप दगड होतो. डब्यावरचा "५ डब्ल्यू" प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून सेंटिस्टोकचा आकडा बघा.

नऊ. हवा काढणं, आणि इथे घाई करणाऱ्याचं सगळं काम वाया जातं. ऑइल भरा, पिस्टन बुडवा, अगदी हळू वर-खाली करा, बॉडीवर लाकडाने ठोका, थांबा. बुडबुडे येतील. पुन्हा. टाकी असेल तर तिच्याकडची वाटही अशीच मोकळी करा. मी चहा करून, पिऊन परत येतो आणि मग पुन्हा दहा फेऱ्या मारतो. एकही बुडबुडा न येता पाच मिनिटं गेली की ऑइल काठोकाठ भरून झाकण आत घ्या, सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते टोकरून खात्री करा.

गॅस भरताना

टायरमध्ये नायट्रोजन भरणाऱ्याकडे हे होत नाही. तिथे काम तीस-पस्तीस पीएसआयचं, इथे पुष्कळ मोटरसायकल शॉकअपना १० बारच्या आसपास, म्हणजे १४५ पीएसआय लागतो. नेमका आकडा त्या शॉकअपच्या मॅन्युअलमधून घ्या. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे गळती तपासायला कोरड्या नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर असतो, तो चालतो. अडचण एकच. गॅसची जागा थोडी असल्याने नळी काढताना निसटलेल्या फुसकीतही दाब बराच उतरतो. म्हणून व्हॉल्व्ह आधी बंद होऊन मग सुटणारं तोंड वापरा. आधी तीस-चाळीस पीएसआय भरा, रॉड बाहेर येऊन झाकण सर्क्लिपला टेकलं आणि कुठे गळत नाही हे बघा, मग पूर्ण दाब.

गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन चुकूनही नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. आपल्या गॅरेजांत हे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे असतात, म्हणून नळी कुठल्या सिलिंडरची आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बसवणं आणि सॅग

शॉकअप बाहेर आहे तोवर लिंकेजच्या (शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या दुव्यांच्या) नीडल बेअरिंग काढून धुवा आणि पाण्यात टिकणारं ग्रीस भरा. हिमालयनसारख्या लिंकेजच्या गाडीत ही बेअरिंग जाम झाली की दोष शॉकअपवर येतो. जुन्या ड्यूक ३९० वर लिंकेज नाही, तिथे हे काम वाचतं.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागे किती दबते ते. मागचं चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. नंतर नेहमीचे कपडे, हेल्मेट, पाठीवरची बॅग यांसह गाडीवर बसा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि दुसऱ्याला तेच माप घ्यायला सांगा. फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या २५ ते ३० टक्के हवा. हिमालयन ४११ चा मागचा प्रवास १८० मिलिमीटर, म्हणजे ४५ ते ५४. कमी आला तर प्रीलोड सोडा, जास्त आला तर आवळा. त्यानंतर तुम्ही खाली उतरून नुसत्या गाडीचं माप घ्या. प्रीलोड भरपूर आवळूनच सॅग जुळत असेल आणि नुसती गाडी जराही दबत नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे.

रिबाउंड आधी लिहिलेल्या क्लिकवर ठेवा. मागचं चाक आणि रॉड यांच्या मध्ये रबरी पडदा लावा. जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन केबल टाय पुरतात. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस जवळच फिरा, ओल्या रस्त्यावर जोरात नको. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की गाडी स्टँडवर घ्या, ठोकळा सरकवा आणि रॉडभोवती टिश्यू फिरवा. तो कोरडा निघाला की बोल्ट पुन्हा टॉर्कला लावून बघा, आणि सर्व्हिसची तारीख, ऑइल, गॅसचा दाब आणि क्लिकचा आकडा चिकटपट्टीवर लिहून सीटच्या खाली डकवा.